झाडं सगळ्यांची, मग पाणी कोण घालणार? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मे महिना अर्धा सरला की या सदरातल्या पत्रांचा नूरच बदलतो. गुलाबावरचा मावा आणि वाळणारी तुळस मागे पडते, आणि सोसायटी, शाळा, गल्ली, देवळापुढची मोकळी जागा अशा सगळ्यांच्या जागांबद्दल लोक विचारायला लागतात. म्हणून यावेळी फक्त तीच पत्रं घेतली आहेत. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, त्यामुळे सगळ्यांचं फक्त गाव दिलंय.

ताई नमस्कार. आमची मोठी सोसायटी आहे. दोन वर्षांपूर्वी १५ ऑगस्टला कार्यक्रम करून ५० रोपं लावली, फोटो वगैरे झाले, आज त्यातली पाच-सहा उरलीत. कमिटीने यंदा परत पैसे मंजूर केलेत. पटकन वाढणारी, भरपूर फुलणारी आणि देखभाल न लागणारी झाडं सांगा. (डोंबिवली)

झाडांची नावं सांगतेच, पण त्याआधी एक काम करा, ती जी पाच-सहा उरलीत ना ती कुठे आहेत ते जाऊन बघून या. बहुतेक ती नळाजवळ असतील, नाहीतर वॉचमनच्या केबिनला लागून, नाहीतर तळमजल्यावरच्या कोणाच्या तरी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली जिथे भाजी धुतलेलं पाणी ओतलं जातं. बाकीची ४५ काही रोगाने गेलेली नाहीत, ती जानेवारी ते जून या सहा महिन्यांत पाण्यावाचून गेली. पावसाळ्यात रोप जगवायला आपली फारशी गरज नसते हो, खरी परीक्षा पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांची असते आणि तेव्हा ना कार्यक्रम असतो ना फोटो.

त्यामुळे यंदा ५० रोपांचा हट्ट सोडा. सोसायटीत विचारा की उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा एका झाडाला एक बादली पाणी कोण घालेल, नावानिशी सांगा. बारा नावं आली तर बाराच झाडं लावा. आठ आली तर आठ. गावाला जाणार असेल तर बदली माणूस कोण हेही त्याच कागदावर लिहून घ्या आणि तो कागद लिफ्टजवळ चिकटवा. मला माहितीये की कमिटीला ५० चा आकडा जास्त आवडतो. सरकारी मोहिमांमध्येही आकडे असेच वाढत गेले, २०१६ ला २ कोटी, मग ४, मग १३ आणि २०१९ ला ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट. लावण्याचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, जगलेल्यांचा मात्र कोणी विचारत नाही. तुमच्या सोसायटीत तरी दरवर्षी मे अखेरीला जिवंत किती हे मोजायची पद्धत पाडा.

आता लावायचं कसं. खड्डे आत्ताच, मे महिन्यातच खणून ठेवा, दोन फूट लांब दोन फूट रुंद दोन फूट खोल, ऊन लागू दे. सोसायट्यांच्या आवारात खाली बांधकामाचा राडारोडा निघतो, सिमेंटचे तुकडे, विटा, टाइल्स, ते सगळं काढून टाका आणि चांगली माती, कुजलेलं शेणखत आणि दोन-तीन मुठी निंबोळी पेंड घालून खड्डा भरा. १५ ऑगस्टची वाट बघू नका, मृगाचा पाऊस पडून जमीन मुरली की जून अखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला लावा, म्हणजे मुळांना पावसाचे तीन महिने पूर्ण मिळतात. नर्सरीतून फार मोठं झाड आणू नका. पाच-सहा फुटांचं, जाड खोडाचं बास, पिशवीतच वर्षानुवर्षं अडकलेल्या मोठ्या झाडाची मुळं गोल गोल गुंडाळलेली असतात. आणि पिशवी काढा, पूर्ण काढा, नुसती खालून फाडून लावलेली रोपं मी किती सोसायट्यांत बघितलीयेत, हात लावला की उपटून येतात. आधाराला बांबू, तो मुळांच्या गोळ्यातून न घालता बाजूला ठोका, सुतळी सैल आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी बांधा.

नावं. ताम्हण पहिलं, आपलं राज्यपुष्प आहे, उन्हाळ्यात जांभळ्या तुऱ्यांनी भरतं आणि डोंबिवलीच्या पावसाला चांगलं मानवतं. उन्हाच्या मोकळ्या जागेत बहावा. गेटजवळ सोनचाफा. मुलं खेळतात तिथे बकुळ, वाढतो हळू पण सावली अशी दाट देतो की बाकडं त्याच्याखालीच टाकाल, आणि फुलं वेचायला आज्या आणि मुली आपोआप येतात. दोन इमारतींच्या मधल्या अर्धसावलीत सीता अशोक, ओल मात्र लागते त्याला. (नर्सरीत नुसतं अशोक म्हणालात तर तो उंच सरळसोट आसुपालव हातात देतात, सीता अशोक असं स्पष्ट मागा.) इमारतीपासून मोठी झाडं पंधरा-वीस फूट तरी लांब हवीत, ड्रेनेजच्या लाइनवर आणि विजेच्या तारांखाली नकोतच, तिथे पारिजातक, कांचन, कुंती, तगर, अनंत अशी लहान जातीची लावा. पटकन वाढणारं म्हणून जे विकलं जातं त्याचं लाकूड बहुतेक वेळा ठिसूळ असतं आणि तेच वादळात गाड्यांवर पडतं. देखभाल न लागणारं झाड मात्र मला माहीत नाही, पहिली तीन वर्षं प्रत्येक झाडाला माणूस लागतो.

गुलमोहर लावू नका असं आजकाल सगळे सांगतात. आमच्या कॉलनीचा रस्ता गुलमोहरांनीच सुंदर दिसतो. ती झाडं काढून देशी लावावीत का? (नाशिक)

नाही! उभं झाड काढायचं नाही. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, मुळं उथळ आणि फांद्या ठिसूळ म्हणून पावसात पडायची भीती जास्त, आणि आपल्या पक्ष्यांना, किड्यांना त्याचा उपयोग पळस-पांगाऱ्याइतका होत नाही, म्हणून नवीन लावताना तो टाळा असं सांगतात आणि ते बरोबर आहे. पण तीस वर्षांच्या गुलमोहराची सावली उद्या लावलेल्या बहाव्याने द्यायला पुढची कितीतरी वर्षं जावी लागतील. जिथे एखादा पडेल किंवा मरेल तिथे देशी झाड लावत चला, रस्ता हळूहळू आपोआप बदलेल. मुंबईत रेन ट्रीच्या बाबतीत जे झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे, दक्षिण अमेरिकेकडचं हे झाड रस्तेच्या रस्ते भरून लावलं गेलं आणि मग पिठ्या ढेकूण पडला तेव्हा एकापाठोपाठ एक मोठी झाडं वाळली. एकाच जातीची रांग दिसायला छान, पण एक कीड आली की सगळा रस्ता उघडा पडतो. म्हणून चार-पाच जाती मिसळूनच लावा.

कोनोकार्पस या झाडाबद्दल वेगळं सांगायला हवं. कडेला हिरवी भिंत हवी म्हणून बिल्डर ते सर्रास लावतात, गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. तुमच्या कॉलनीत कोणी आणत असेल तर थांबवा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मैदानाच्या कडेने मुलांकडून झाडं लावून घ्यायची आहेत, पण शेळ्या येतात आणि मे महिन्यात शाळा बंद असते. फंड नाहीच. (सांगली जिल्हा)

बाई, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. फंड नसला तरी हे होण्यासारखं आहे, रोपं तर सामाजिक वनीकरणाच्या नर्सरीत मिळतातच, पण मी म्हणेन की रोपं मुलांनाच तयार करू दे. उन्हाळ्यात बहाव्याच्या काळ्या लांब शेंगा पडलेल्या असतात, त्यातलं बी फार टणक असतं, एका बाजूने खडबडीत दगडावर किंवा सँडपेपरवर घासायचं आणि रात्रभर पाण्यात ठेवायचं, मग रुजतं. चिंच, करंज, कडुनिंब, सीताफळ यांना एवढंही लागत नाही, कडुनिंबाची निंबोळी मात्र ताजी असतानाच पेरायची, ठेवून दिली की लवकर निकामी होते. दुधाच्या पिशव्या धुवून, तळाला भोकं पाडून, माती आणि शेणखत भरून प्रत्येक मुलाच्या नावाची एकेक पिशवी. ज्याने बी घासलंय आणि रोज बघितलंय की आज वर आलं का, ते मूल त्या रोपाला पाणी घालायला विसरत नाही, आणि दुसऱ्याला पाडूही देत नाही.

शेळ्यांसाठी लोखंडी ट्री गार्ड कशाला, बाभळीच्या किंवा बोरीच्या काटेरी फांद्या रोपाभोवती खोचायच्या आणि खालून मातीने दाबायच्या, आपले शेतकरी पिढ्यानपिढ्या हेच करतात. जरा मोठा विचार करायचा असेल तर ग्रामसभेत शाळेच्या आवारात चराई नको असा ठराव करून घ्या. हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी गावाच्या ठरावानेच आणली होती, कुंपणापेक्षा गावाचा शब्द जास्त टिकतो.

सुट्टीचा प्रश्न खरा अवघड. यावर मला सगळ्यात पटलेला उपाय म्हणजे मडकं. साधं, भाजलेलं पण न रंगवलेलं, नेहमीचं मातीचं झिरपणारं मडकं रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं आणि तोंडावर परळ किंवा फरशीचा तुकडा ठेवायचा म्हणजे डासही होत नाहीत. पाणी हळूहळू मुळांशी झिरपतं, मडकं चार-पाच दिवसांनी भरलं तरी चालतं. संक्रांतीची सुगडं आणि घरातली जुनी मडकी मागितली तर गावातून गोळा होतील, नुसती तळाला चीर नाही ना ते बघा. आळ्यात वाळलेला पाला, उसाचं पाचट, जे मिळेल ते चार बोटं जाड पसरा. आणि मे महिन्यासाठी शाळेला लागून जी घरं आहेत त्यांना तीन-तीन झाडं वाटून द्या, त्या घरातली मुलं तुमच्याच शाळेत असतील.

एक सूचना अगदी गंभीरपणे. शाळेत पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी लावू नका, तिच्या बिया फार विषारी असतात आणि लहान मुलं त्या खेळायला घेतात. साधी कण्हेरही नको. आधीपासून असेल तर मुलांच्या वावरापासून दूर हलवा.

जमलं तर एका कोपऱ्यात फुलपाखरांसाठी जागा करा. त्यासाठी नुसती फुलं पुरत नाहीत, अळ्यांना खायला पानं लागतात. लिंबू आणि कढीपत्ता, पानफुटी, रुई (रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, म्हणून ती कडेला). लिंबाच्या जातीच्या झाडांवर नीलवंत अंडी घालतं, ते २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे. पानं कुरतडलेली दिसली की औषध मारायचं नाही हे मुलांना आधी सांगून ठेवा, आणि मोठ्यांनाही.

आमच्या गल्लीतल्या झाडांभोवती पेव्हर ब्लॉक अगदी खोडाला टेकवून बसवलेत. शिवाय मंडळाने खोडांना ऑइल पेंट मारलाय आणि दिवाळीपासून लायटिंगच्या माळा तशाच आहेत. हे सुशोभीकरण म्हणायचं का? (पुणे)

नाही म्हणायचं. झाडाच्या मुळांना हवा आणि पाणी दोन्ही वरच्या मातीतूनच मिळतं, ती माती बंद केली की झाड लगेच मरत नाही, चार-पाच वर्षं हळूहळू अशक्त होत जातं आणि एक दिवस पावसात आडवं होतं. मग सगळे म्हणतात झाड धोकादायक होतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश दिला होता की खोडाभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढा, हाच आधार देऊन तुम्ही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करा, फोटो जोडा, गल्लीतल्या वीस-पंचवीस जणांच्या सह्या घ्या. स्वतः फोडायला जाऊ नका, मुळं दुखावतात आणि भांडणं वेगळीच होतात. मोकळ्या झालेल्या आळ्यात माती भरताना खोडावर चढवू नका, जमिनीच्या पातळीलाच ठेवा.

गेरू आणि चुना लावायला हरकत नाही, जुनी पद्धत आहे, वाळवीला थोडा अटकाव होतो आणि रात्री वळणावर झाड दिसतं. ऑइल पेंट मात्र नको, खोडाच्या सालीवर बारीक छिद्रं असतात ज्यातून झाड श्वास घेतं, ती बंद होतात. आता मारलाय तो खरवडू नका, साल निघेल, वाढीबरोबर आपोआप तडकून जाईल. माळा आणि तारा काढा, हे तातडीने. खोड जाड होत जातं आणि तार तिथेच राहते, ती बोटात रुतलेल्या अंगठीसारखी आत आत जाते आणि सालीतून चालणारा अन्नाचा पुरवठा तुटतो. रात्रभर उजेड असला की घरटी करणारे पक्षीही ती फांदी सोडतात. खिळेही तपासा, क्लासच्या आणि पेस्ट कंट्रोलच्या पाट्यांसाठी ठोकलेले असतात. पुण्यात तरुण मुलांनी झाडं खिळेमुक्त करायची मोहीम चालवली, पकड आणि शिडी घेऊन रविवारी सकाळी दोन तासांत एक गल्ली होते, मंडळाच्या पोरांनाच यात घ्या, ती मनापासून करतील.

गल्ली सजवायचीच असेल तर त्याच आळ्यात, खोडापासून जरा लांब, सावलीत येणारी लहान रोपं लावा. अबोली, कोरांटी, स्पायडर लिली. त्यांना पाणी घालताना झाडालाही मिळतं.

सोसायटीतल्या जुन्या पिंपळाचा पाला पडतो, अंधार येतो म्हणून काही सभासद तो कापा म्हणतायत. झाड आमच्याच जागेत आहे. परवानगी लागते का? पाल्याचं काय करावं? (ठाणे)

लागते. जागा तुमची असली तरी शहरात महाराष्ट्र झाडांचं संरक्षण आणि जतन कायदा १९७५ लागू आहे, वृक्ष प्राधिकरणाच्या (महापालिकेच्या झाडांविषयीच्या समितीच्या) परवानगीशिवाय झाड तोडणं तर सोडाच, मोठी छाटणीही करता येत नाही. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून ५० वर्षं किंवा जास्त वयाचं झाड हे हेरिटेज म्हणजे प्राचीन वृक्ष मानलं जातं, आणि परवानगी मिळालीच तर तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवीन झाडं भरपाई म्हणून लावायला लागतात. म्हणजे ६० वर्षांचा पिंपळ असेल तर ६० झाडं आणि त्यांना जगवायची जबाबदारी. हे जनरल बॉडी मीटिंगमध्ये वाचून दाखवा, निम्मा आग्रह तिथेच कमी होतो.

पण ज्यांच्या घरात अंधार येतो त्यांचं म्हणणं खोटं नाही, त्यांना झाडाचे शत्रू ठरवू नका. पावसाळ्याआधी उद्यान विभागाची परवानगी काढून जाणत्या माणसाकडून नेमक्या फांद्या विरळ करून घ्या. विरळ म्हणजे आतल्या गर्दीतल्या, वाळलेल्या, खिडकीकडे झुकलेल्या. शेंडाच उडवून झाड खुंटासारखं करतात ती छाटणी नव्हे, त्याने फुटलेल्या नवीन फांद्या कच्च्या असतात आणि त्याच पुढे मोडतात.

पाला जाळायचा नाही हे तुम्हाला माहीत असेलच, नियमानेही बंदी आहे. कोपऱ्यात कोंबडी जाळीचा तीन-चार फूट व्यासाचा गोल उभा करा, तळाला काटक्या, वर पाला दाबून दाबून भरा, प्रत्येक थरावर शेण कालवलेलं पाणी किंवा आंबट ताक आणि थोडा गूळ शिंपडा, आठवड्यातून एकदा ओल बघा. पाला कोरडा राहिला तर वर्षभर तसाच राहतो, ओल असेल तर पाच-सहा महिन्यांत काळं भुसभुशीत खत खालून काढायला मिळतं. पावसाळ्यात वर झाकण. पहिलं खत निघालं की ते तक्रार करणाऱ्या सभासदांच्या कुंड्यांना आधी द्या, मी ज्या ज्या सोसायट्यांना हे सांगितलं तिथे याचा उपयोग झालाय.

गावच्या स्मशानभूमीचं रूप बदलायचं आमच्या तरुण मंडळाने ठरवलंय. उघडी जागा आहे, काळी माती, उन्हाळ्यात टँकर येतो. काही लोक म्हणतात तिथे कशाला झाडं. (बीड जिल्हा)

तिथेच हवीत. भर उन्हात तासभर उभं राहावं लागतं माणसांना, त्यात म्हातारी माणसं असतात, बसायला सावली नसते, तुम्ही हे मनावर घेतलंत याचं फार कौतुक वाटतं. टँकरच्या गावात फुलझाडांच्या मागे लागू नका, सुरुवात सावलीने करा. कडुनिंब, वड, पिंपळ, करंज, चिंच, शिरीष. वड-पिंपळ दहनाच्या शेडपासून आणि भिंतींपासून चांगले लांब, बसायच्या जागेजवळ कडुनिंब आणि करंज. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि मुळं उघडी पडतात म्हणून पाल्याचं आच्छादन इथे सगळ्यात महत्त्वाचं, मडक्याची पद्धत वर दिलीच आहे. पावसाचं शेडवरून पडणारं पाणी पन्हाळीने एका चरात सोडा आणि त्या चराच्या काठाने पहिली झाडं लावा.

घरच्या माणसाच्या आठवणीत एक झाड, असं गावात सुचवून बघा. ते कुटुंब उन्हाळ्यात घागर घेऊन येतं, सांगावं लागत नाही. पाच-सहा वर्षांनी सावली धरली की मग वाटेच्या दोन्ही बाजूंना बहावा आणि पांढरा चाफा लावा.

समुद्राला लागून आमची वाडी आहे. जांभ्याचा कातळ आणि खारा वारा, काही टिकत नाही. देवळासमोर काय लावू? (रत्नागिरी)

उंडी आणि भेंडी. म्हणजे भाजीची नव्हे, किनाऱ्यावर होते ती पिवळ्या फुलांची भेंडी, काही ठिकाणी पारोसा पिंपळ म्हणतात. दोन्ही खाऱ्या वाऱ्याला पुरून उरतात. आधी समुद्राच्या बाजूने त्यांची ओळ धरू द्या, ती वारा अडवते, तिच्या आडोशाला मग सुरंगी, बकुळ, सोनचाफा. सुरंगी फार हळू वाढते पण कोकणातल्या देवळासमोर तिच्यासारखं दुसरं काही नाही. कातळात खड्डा घेताना तळ फोडून भेग पाडा, नाहीतर पावसात खड्ड्याची विहीर होऊन मुळं कुजतात.

आमच्या नगरसेवकांनी मियावाकी जंगल करायचं ठरवलंय, मोकळा प्लॉट आहे. करावं का? (कल्याण)

प्लॉट जर लोकांना बसायला-फिरायला हवा असेल तर करू नये. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतीशास्त्रज्ञांची पद्धत, एका चौरस मीटरमध्ये तीन ते पाच रोपं, जमीन खोल भुसभुशीत करून. दोन-तीन वर्षं पाणी आणि निंदणी केली की दाट झाडी होते, पण आत माणूस शिरत नाही. रस्त्याच्या किंवा रेल्वेच्या बाजूची धूळ आणि आवाज अडवायला पट्टा म्हणून चांगलं. मुलांचं मैदान मात्र त्यासाठी देऊ नका, आणि गवताळ माळ असेल तर तोही नाही, माळाला माळ म्हणूनही किंमत असते.

चाळीच्या गॅलरीत सगळ्यांनी मिळून कुंड्या ठेवल्या तर चालतील का? शिवाय समोरच्या पुलाखाली कचरा टाकतात, तिथेही काही करता येईल का? (मुंबई)

गॅलरीत कठड्याच्या आतल्या बाजूला हलक्या कुंड्या चालतील, जाण्यायेण्याचा रस्ता पूर्ण मोकळा राहील एवढंच, आग लागली तर तोच रस्ता असतो. कठड्यावर कुंडी नको, खालून माणसं जातात. जुनी चाळ असेल तर मातीऐवजी कोकोपीट आणि खत निम्मं-निम्मं, वजन कमी होतं. ऊन येत असेल तर सदाफुली, ऑफिस टाइम, गुलबक्षी, पावसाळ्यात तेरडा. ऊन नसेल तर मनी प्लांट, स्नेक प्लांट. कुंडीखालच्या बशीत साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, आठवड्यातून एक दिवस सगळ्या बश्या उलट्या करायच्या, आणि तो वार पूर्ण मजल्याने एकच ठरवायचा.

पुलाखालच्या जागेसाठी माटुंग्याला जाऊन या. तिथल्या फ्लायओव्हरखाली पार्किंग आणि कचरा होऊ नये म्हणून आजूबाजूच्या रहिवाशांनी पाठपुरावा केला आणि २०१६ मध्ये नानालाल डी. मेहता उद्यान झालं, नर्मदेच्या वळणांसारखी चालायची वाट आहे. लोक चालायला लागले की कचरा टाकणारा कचरतो. पुलाखाली पाऊस आणि ऊन दोन्ही पोचत नाही हे मात्र लक्षात ठेवा, पाण्याची लाइन मिळणार नसेल तर तिथे रोपं लावूच नका, बाकडी आणि दिवे आधी मागा.

सोसायटीच्या बागेतली फुलं सकाळी सहाच्या आत गायब होतात. जास्वंदीच्या कळ्यासुद्धा नेतात. बोर्ड लावला, काही फरक नाही. (कोल्हापूर)

या महिन्यात याच विषयावर सगळ्यात जास्त पत्रं आलीत आणि सगळ्यांत राग आहे. राग साहजिक आहे, वर्षभर पाणी घालायचं आणि फुललेलं बघायलाही मिळू नये. पण नेणारी माणसंही देवासाठीच नेतात, आणि ज्या बागेत पूजेपुरती फुलं नसतील तिथे हे भांडण चालूच राहणार. म्हणून वेगळी पूजेची फुलं लावा. कंपाउंडच्या कडेने तगर, जास्वंद, कण्हेर (मुलं खेळतात तिथून दूर), गोकर्णाचे वेल, आणि मधल्या बागेतली फुलं फक्त बघायची. तगर बारा महिने फुलते आणि जितकी तोडाल तितकी येते. दोन वर्षांत एवढी फुलं होतात की तोडणारे कमी पडतात. नियम साधा ठेवा, घरटी एक ओंजळ, कळी तोडायची नाही, फांदी ओरबाडायची नाही. जो सकाळी पहिला येतो त्यालाच विनंती करा की पाण्याचं तुम्ही बघा, बऱ्याच ठिकाणी हा माणूस निवृत्त झालेला असतो, पहाटे उठतो आणि त्याला बागेत वेळ घालवायला आवडतो.

वटपौर्णिमा जवळ येतेय म्हणून याच पत्राला जोडून सांगते, वडाच्या फांद्या तोडून बाजारात विकायला येतात त्या घेऊ नका. आवारात वडाला जागा नसेल तर सोसायटीने मिळून एक वडाचं रोप मोठ्या कुंडीत आणावं, तिथे सगळ्या जणींनी पूजा करावी आणि मग ते टेकडीवर किंवा गावी जिथे जागा आहे तिथे नेऊन लावावं, पाऊस तेव्हा बहुधा सुरू झालेला असतो.

पुढच्या अंकासाठी लिहिताना जागेवर ऊन किती तास येतं, पाणी कुठून मिळतं आणि माती कशी आहे हे तीन मुद्दे पत्रात जरूर लिहा, फोटो असेल तर दुपारी बाराचा पाठवा, सावली नेमकी कळते.